आत जाणारे कण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — तो शांतपणे ऐकून घेतो आणि मग वर्षभर जेवताना आठवण करून देतो.

मी प्लाझ्माची अभ्यासक. रक्तातला नव्हे, वायू प्रचंड तापवला की त्यातले विद्युतभारित कण सुटे होतात, तो. चुंबकांनी त्याला कोंडून ठेवायचं, तर आत अशी खळबळ माजते की कण बाहेर निसटतात. माझ्या संगणकावर मात्र ते उलटे — आत चालले होते. माझे पीएचडीचे सर खूश. मीही. कोण झालं नसतं?

सेमिनारमध्ये नितीन उठला. आम्ही बरोबरच पीएचडी करत होतो. तो विश्रांतवाडीहून यायचा, हळू बोलायचा. म्हणाला, "वैशाली, एक वजाचं चिन्ह राहिलंय का, बघशील?"

"तुला वाटतंय ना? मग समीकरणाला तसं कळव," मी म्हणाले. सगळे हसले. सरही. नितीन खाली बसला.

संध्याकाळी कर्वेनगरला घरी येऊन प्रोग्राम उघडला. चिन्ह राहिलंच होतं. आता? शोधनिबंध तर छापायला गेलेला. मी प्रोग्राम बंद केला आणि पोहे केले.

पुढे नितीन विषय सोडून आयटीत गेला. मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी पकडेल. झालं भलतंच — परदेशातल्या एका प्रयोगात कण खरोखरच आत जाताना दिसले. त्याचं कारण वेगळं होतं, पण ते कोण बघतो? मी द्रष्टी ठरले. "हे तुम्हाला इतकं आधी कसं सुचलं?" असं कुणी विचारलं की मी जरा छताकडे बघायचे. लोक माना डोलवायचे.

हेही पचलं असतं. पण गेल्या महिन्यात नारायण पेठेत, चष्म्याच्या दुकानात, नितीन भेटला. केस पिकलेले. माझं व्याख्यान त्यानं ऑनलाइन ऐकलं होतं. "तेव्हा उगाच तुला सगळ्यांसमोर अडवलं," तो म्हणाला. "चूक माझी होती. फार दिवस मनात होतं. सॉरी."

दुकानात आम्ही दोघं आणि दुकानदार. वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं — खरंच आलं होतं. किती लहान वाक्य!

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अरे, जाऊ दे. मी कधीच मनात ठेवलं नाही."

मी त्याला माफ केलं. वर फ्रेमही मीच निवडून दिली.