फ्रीजवाले काका आणि प्रवाळांच्या अळ्या

मी घडलो तो काळेवाडीच्या फ्रीजवाल्या काकांमुळे. चाकणच्या कंपन्यांमधली शीतगृहं ते दुरुस्त करतात. मीटर बघण्याआधी पाइपवर मनगट ठेवतात आणि डोळे मिटून यंत्र ऐकतात. त्यांच्याच खोलीत राहून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

आता मी नॉर्वेच्या प्रयोगशाळेत खोल, थंड समुद्रातल्या प्रवाळांच्या अळ्या वाढवतो. अळी काही आठवडे पोहते, मग कठीण जागी चिकटून प्रवाळ होते. दोन खेपांच्या अळ्या त्याआधीच मेल्या. तिसऱ्या खेपेला मी काकांना फोन केला.

"आधी मशीन ऐकव," काका म्हणाले. मी फोन पाणी थंड करणाऱ्या यंत्राजवळ धरला. काकांनी ऐकलं, मग हसले. "सारखं चालू-बंद व्हतंय, राव. पाणी कमी-जास्त गार हून हिसके खातंय. अळ्यांच्या बरण्या मोठ्या टाकीच्या पाण्यात ठेव. थंडी नुसती द्यायची न्हाई, राखायची."

"इथले साहेब ऐकतील का, काका?"

"न्हाई ऐकलं तर फोन त्यांच्याकडं दे, मी बोलतो."

साहेबांनी ऐकलं. काल मी पत्र पाठवलं:

"काका, सा. न. आज पहिली अळी काचेला चिकटली. टाचणीच्या टोकाएवढी आहे, पण तिला तोंड आलं आहे. बाकीच्या अजून जागा शोधत आहेत. शोधू देत. पाणी शांत आहे."