चार घरांचं कोरड्यास

"ह्ये मराठी न्हवं व्हय?"

दर सोमवारी अकराच्या सुमाराला हा प्रश्न माझ्या टेबलावर आदळायचा. सोबत रविवारच्या पुरवणीची घडी आणि तिच्यावर टकटक करणारं जाड बोट. मी एका स्थानिक दैनिकासाठी शब्दकोडं करतो. असा एक वाचक तुमच्याही वाट्याला यावा, म्हणजे माझे हाल कळतील.

गृहस्थ शिवाजी पेठेतले. गुळाच्या बाजारात तोलाईदार म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले. त्यांचं दुखणं एकच. 'भाकरीबरोबर खातात ते, चार अक्षरे' याचं उत्तर मी 'कालवण' धरलं होतं आणि त्यांनी 'कोरड्यास' लिहिलं होतं. बरं, तेवढ्यावर थांबावं! 'कालवण'मधल्या 'ल'वरून खाली 'लगाम' उतरत होता. यांनी तिथे बेधडक 'रगाम' करून टाकला.

"रगाम म्हणजे काय?" मी विचारलं.

"त्ये तुमचं तुमी बगा. कोरड्यास बराबर हाय."

पुढच्या सोमवारी व्युत्पत्ती आली. कोरड्या भाकरीला लावून खायचं, म्हणून कोरड्यास.

"रस्सा पातळ आणि नाव कोरडं?" मी डिवचलं.

"भाकरी कोरडी हाय की, सायेब! नुसता घास गिळतोय व्हय?"

त्यानंतर कागलच्या बाजारातल्या बायकांची साक्ष आली, मग जयसिंगपूरच्या व्याह्यांची. मी कामाचे कागद पुढे ओढायचो, ते खुर्ची पुढे ओढायचे.

"वाचक अडतील हो," मी म्हणायचो.

"कोल्लापुरात कोण अडतंय?"

कोडं विद्वान दिसावं ही माझी हौस, ती कबूल कशी करणार?

एका सोमवारी मात्र माझा तोल गेला. "एका शब्दासाठी जीव का खाता माझा?"

ते पहिल्यांदाच हळू बोलले. "ही बसती की शेजारी. शाळा न्हाय शिकल्याली. मी वाचतो, ही सांगाय बगती. एकबी शब्द येत न्हाय. परवा म्हणाली, मग माजं बोलणं मराठी न्हवंच काय?"

मला लाज वाटली. पण त्या रविवारचं कोडं तयार होतं, त्याच्या पुढचंही. 'कोरड्यास' घालायला मी तीन रविवार लावले. मधल्या सोमवारी ते फिरकले नाहीत; रुसले असतील, असं मी धरून चाललो.

छापून आलं त्या सोमवारी मी वाट बघत बसलो, चहासुद्धा सांगून ठेवला. ते आले नाहीत. पुढच्या सोमवारीही नाहीत. एवढं डोकं खाल्लं आणि आता तोंड दाखवायला नको? वैतागून मी शिवाजी पेठ गाठली.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मालक गेलं की आमचं. म्हैना व्हत आला."

पेपर येत होता, वाचणारं कोणी नव्हतं. पुरवण्या कोनाड्यात तशाच पडल्या होत्या. मी त्यातली ती एक शोधून काढली, खाली बसलो आणि वाचलं, "भाकरीबरोबर खातात ते. चार अक्षरे."

"कोरड्यास," त्या ताबडतोब म्हणाल्या. "ह्यात काय अवघड हाय?" मग जरा पुढे सरकून बसल्या. "पुढलं वाचा की."

पुढचं होतं, 'एक अक्षरगणवृत्त, सात अक्षरे.' ते कोडं करणाऱ्या माणसाचा मला इतका राग कधीच आला नव्हता.