परातीतला स्पार्क आणि सामूहिक नियंत्रण

तुमच्या घरात सत्ता नेमकी कुणाच्या हातात आहे, हे तुम्ही कधी तपासून पाहिलं आहे का?

मी पाहिलं आहे. त्यात एक पितळी परात, एक सोऱ्या आणि माझी दोनशे पत्रकं कामी आली.

मी पत्रकांवर वाढले. अक्षरशः! सुरतेतल्या नवागामच्या आमच्या दीड खोलीत गोष्टींची पुस्तकं नव्हती. नाना, म्हणजे माझे वडील, मोर्च्यांतून घडी करून आणत ती पत्रकं होती. इतर मुलं ‘कमळ, बदक’ वाचत होती तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचत होते. पुढे डिप्लोमा विजेचा केला, पण लिहू लागले पत्रकंच. त्या आठवड्यात छापून आलेल्या पत्रकाचं नाव होतं, ‘यंत्रावर ताबा कुणाचा?’ उत्तर आतच दिलं होतं: सर्वांचा!! (दोन्ही उद्गारचिन्हं मूळचीच.)

नाना खात्यात मिस्त्री आहेत. (सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला खातं म्हणतात.) शनिवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले, तेव्हा ते एका जुन्या लूमच्या चाकात नवे आटे पाडत होते. आटे पाडायचा टॅप म्हणजे बोटाएवढा पोलादी दांडा. अतिशय कडक आणि अतिशय ठिसूळ. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा जीव लावून फिरवावा लागतो.

“नाना, तुम्ही जेवा. मी फिरवते,” मी म्हणाले.

आणि फिरवता फिरवता शेजारच्या कामगारांना आठ तासांच्या पाळीचं महत्त्व सांगू लागले. “भावांनो, आता एक पाऊलही मागे नाही!” मी गरजले. खरंच मागे गेले नाही. टॅप कट्‌कन तुटला आणि अर्धा तुकडा चाकात रुतून बसला!

शेठ आले. त्यांनी चाक पाहिलं, नानांना पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, “मेरे हाथ से टूटा, शेठ.”

“मिस्त्री, हवे उमर थई तमारी,” शेठ शांतपणे म्हणाले. “सोमवारे सवारे लूम चालू जोईए. नहितर बीजो मिस्त्री लावीश.” (म्हणजे, आता तुमचं वय झालं; सोमवारी सकाळी लूम चालू नसेल, तर दुसरा मिस्त्री लावीन.)

तीस वर्षांत नानांच्या हातून एकही टॅप तुटला नव्हता. त्या चाकाला दुसरी जोड बाजारात नव्हती, आणि तुटलेला टॅप इतका कडक, की ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. नाना चाक घेऊन घरी आले, भिंतीला टेकून बसले आणि चहालाही नाही म्हणाले. (त्यांनी चहाला नाही म्हणणं हे आमच्या घरात मृत्युपत्राच्या जवळपास येतं.)

“नाना, तो तुकडा मी काढते,” मी जाहीर केलं. “ठिणग्यांनी!”

तत्त्व सोपं आहे. चाक केरोसीनमध्ये बुडवायचं. वरून तांब्याची सळई आणायची. दोघांत वीज सोडायची, पण सळई टेकवायची नाही. केसाएवढी फट ठेवायची. त्या फटीतून ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी पोलादाचा एक कण खाते. फट जास्त झाली तर ठिणगी नाही. सळई टेकली तर ती चिकटून बसते. म्हणजे सगळा खेळ वर-खालीचा. कारखान्यांत यासाठी भलंमोठं यंत्र असतं. माझ्याकडे रविवारची सकाळ होती.

नऊ वाजेपर्यंत मी घर लुटलं. भंगारातला ट्रान्सफॉर्मर, ट्रकच्या हेडलाइटचे तीन बल्ब, जुन्या प्रिंटरची मोटार, नानांचं भाग धुवायचं केरोसीन. केरोसीनला भांडं म्हणून आईची परात. सळई धरायला आईचा शेवेचा सोऱ्या, कारण त्याचा स्क्रू फार सावकाश उतरतो. सगळं स्टुलावर मांडलं.

आई नळावरून आली. (ती अजून अहिराणीच बोलते.)

“काय करी ऱ्हायनी व पोरी? मनी परात! मना सोऱ्या!”

“माय, हा नानांच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

आईनं भिंतीला टेकलेल्या नानांकडे पाहिलं आणि हंडा खाली ठेवला. “धुई देजो मंग,” एवढंच म्हणाली.

माझा धाकटा भाऊ सागर सुरतेच्या पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात कामाला आहे. त्याची भाषा दुकानाची आहे: गुजराती, हिंदी, मराठी एका दमात. “बेन, आ शुं छे? मशीन है के फराळाची तयारी?”

मी बटण दाबलं. सळई वर-खाली करण्याचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. मोटार सोऱ्या फिरवणार, बल्ब पेटले (म्हणजे सळई टेकली) की सळई उचलणार, विझले की उतरवणार. मोटारीनं सळई थाडकन चाकावर आपटली. तिन्ही बल्ब लखलखले! मग ती इतकी वर उचलली, की केरोसीनचा फवारा सागरच्या रविवारच्या शर्टावर आला. पुन्हा थाडकन! मी सळई धरायला गेले आणि... त्या झटक्याचं वर्णन मी करणार नाही. सागर अजून करतो, पाहुण्यांसमोर, हातवाऱ्यांसह. तेवढ्यात प्रोग्राम भरलेल्या सर्किटच्या पट्टीतून बारीकसा धूर निघाला आणि स्वयंचलित युग संपलं.

“हरकत नाही,” मी बोटं फुंकत म्हणाले. “यंत्रावर ताबा सर्वांचा! प्रत्येकाला एक मत. बल्ब बघायचे आणि सांगायचं, वर की खाली. मी सोऱ्या फिरवेन.”

दारात उभे असलेले शेजारचे कदमकाका आत सरकले. ते बीडचे, सेंटरिंगचं काम करतात. “पोरी, मला बी मत हाय का?”

“आहे, काका!”

“मंग खाली!” काकांनी बल्ब न बघताच मत दिलं.

“वर, वर!” सागर.

“थोडं खाली,” भिंतीपासून नाना.

“थोडं म्हंजी किती? ठराव नीट मांडा की!”

“बेन, चिकटी गयुं! उचल!”

“माझी एक सूचना हाय...”

दोन तास लोकशाही जोरात चालली. नऊ वेळा सळई चिकटली, दोनदा सभात्याग झाला (दोन्ही वेळा काका, दोन्ही वेळा चहा घेऊन परत), आणि तुटलेल्या टॅपवर तिळाएवढा खड्डा पडला. नाना घड्याळाकडे पाहत होते. मग त्यांनी पाहणंही सोडलं.

ते आईनं पाहिलं.

“सरक तथा,” ती मला म्हणाली. “आनि सगळा गप्प बसा!”

“माय, एकट्याच्या हातात नियंत्रण देणं तत्त्वाला धरून...”

“सरक म्हंतस ना!”

मी सरकले. आईनं रबरी चपला घातल्या, सोऱ्याच्या दांड्याला कोरडं फडकं गुंडाळलं आणि चक्क डोळे मिटले.

“अगं, बल्ब बघ!” मी ओरडले.

“बल्ब कसाले? आवाज ऐकाले येत नही का तुमले? मोहरी तडतडाले लागनी, की तेल बरं शे. चरचर उनी, की जळनं. इतलं समजत नही का?”

तिनं केसभर फिरवलं. केरोसीनमधून आवाज आला: तड, तड, तडतडतड... बल्ब मंद लुकलुकू लागले आणि थांबेचनात! चरचर झाली, की ती पाव फेरा मागे. शांत झालं, की जरासं पुढे. पंचवीस वर्षं शेव पाडलेला हात! सागर तोंड उघडं टाकून बसला. काकांनी मतदानाचा हक्क स्वतःहून सोडला. नाना भिंतीपासून उठले, परातीजवळ उकिडवे बसले आणि पुटपुटले, “मायबाप, खाई ऱ्हायनं!”

खड्ड्याची खोली किती झाली हे बघण्याचं काम माझ्याकडे होतं. दुपारी दोनला टॅपचा मधला भाग पोखरून गेला, उरलेल्या कपच्या आता टोचून लोहचुंबकानं उचलता येतील हे दिसताच नानांनी आरोळी ठोकली. काकांनी टाळ्या पिटल्या. मी तर उभीच राहिले आणि कष्टकरी स्त्रियांच्या उपजत शास्त्रज्ञानावर बोलू लागले. फक्त वीज बंद करायची राहिली. आईचे डोळे मिटलेलेच होते. तिला तडतड ऐकू येत होती, म्हणून ती फिरवत होती!

सळई चाकातून पार झाली आणि खालच्या परातीतूनही.

केरोसीनची धार लागली. स्टुलाखाली माझी दोनशे पत्रकं रचलेली होती. वरपासून खालपर्यंत, एकही न वगळता, सर्व समान भिजली.

सोमवारी लूम सुरू झालं. नानांनी शेठना सगळं खरं सांगितलं, टॅप कुणी तोडला तेही. शेठ बराच वेळ हसले. मग त्यांनी कोपऱ्यात पडलेले, इतरांच्या हातून तुटलेले टॅप रुतलेले आणखी तीन भाग काढले आणि म्हणाले, “बेन ने पूछो, करी आपशे?”

करून द्यायला बेननं, म्हणजे आईनं, होकार दिला. आता रोज दुपारी आमच्या घरी काम चालतं. आई चालवते, मी मदतनीस. केरोसीन गाळणं, सळया घासणं आणि तोंड बंद ठेवणं ही माझी कामं. बसायला परवानगी नाही. चहाची सुट्टी मागितली तर आई परातीच्या भोकाकडे बोट दाखवून म्हणते, “पहिले मनी परात भरी दे!”

म्हणून मी तीन मागण्यांचं निवेदन तयार केलं आहे: बसायला पाट, चारचा चहा आणि दिवसातून पाच मिनिटं बोलण्याचा हक्क. वाचकहो, या मजकुराखाली मोकळी जागा सोडली आहे. तिथं कृपया तुमची सही करा. निळी किंवा काळी शाई चालेल. आतापर्यंत एकच सही झाली होती, नानांची. आईनं नुसतं पाहिलं, आणि त्यांनी ती स्वतःच्या हातानं खोडली.