खंडेनवमीला बंद पडलेला कॉम्प्युटर

"अहो मॅडम, मी फक्त फुलानं पाणी शिंपडलं," जाधव तिसऱ्यांदा म्हणाले.

मी कॅबिनेट उघडलं. वरच्या जाळीतून पाणी थेट मदरबोर्डवर गेलं होतं. करपल्याचा वास येत होता. कडेच्या कार्डांवर हळदीकुंकू.

"मशीन चालू होतं?"

"बंद मशीनची पूजा कशी करायची?"



कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत सुनंदाताई ब्रेलची छपाई करतात. त्या स्वतः अंध आहेत. जाधव त्यांचे ऑपरेटर. तिथले कॉम्प्युटर अकरा वर्षं मी सांभाळते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतल्या नऊ अंध मुलींचा भूमितीचा पेपर होता. प्रश्नपत्रिका गोपनीय, म्हणून आजच हातात आलेली. उद्या दसऱ्याची सुट्टी. संध्याकाळी पाचला शाळेचा माणूस छापील पेपर न्यायला येणार होता.

कागदावर ठिपके उठवणाऱ्या त्यांच्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर फक्त याच मशीनच्या जुन्या विंडोजमध्ये होतं. ते बनवणारी कंपनी बंद पडलेली. सीडी हरवलेली. माझ्याकडे फायलींचा बॅकअप होता, अख्ख्या डिस्कची नक्कल नव्हती. "पुढच्या व्हिजिटला करू," असं मी दर वेळी म्हणायचे.

"नाही छापलं तर?" मी विचारलं.

"कुणीतरी वाचून दाखवेल," सुनंदाताई म्हणाल्या. "वाचून दाखवलेला त्रिकोण किती कळतो, ते मला विचार. मी त्याच पेपरात नापास झाले होते."

डिस्क काढून पुसली. जिवंत होती. आधी दुसऱ्या डिस्कवर तिची नक्कल काढली, चूक करायचीच तर नकलेवर. त्यात दोन तास गेले. ती तिथल्याच दुसऱ्या, नव्या कॉम्प्युटरला जोडली. त्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नव्या मशीनची सुरू व्हायची पद्धतच वेगळी असते. धायरीला माझ्या घरी एक जुनं मशीन पडलं होतं. रिक्षा केली. स्वारगेटला झेंडू घेणाऱ्यांच्या गर्दीत पाऊण तास अडकले.

परत आल्यावर डिस्क जोडली. विंडोजचं चिन्ह आलं आणि लगेच निळा स्क्रीन. पुन्हा केलं, पुन्हा निळा.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि मशीन यांच्यातला दुभाषा. या विंडोजकडे डिस्कशी फक्त जुन्या पद्धतीनं बोलणारा दुभाषा होता, आणि माझं मशीन जुनं असलं तरी यांच्यापेक्षा नवं, ते नव्या पद्धतीनं बोलत होतं. त्यामुळे विंडोज अर्धवट उठायचं, आपलीच डिस्क त्याला सापडायची नाही आणि कोसळायचं. मशीन चालू होताना एक सेटिंग्जचा मेनू येतो, बायोस. त्यात डिस्कची पद्धत बदलून जुनी केली आणि मशीन पुन्हा चालू केलं.

डेस्कटॉप आला. सव्वातीन वाजले होते. जाधवांनी हात जोडले. मी ओरडले, "आता काही शिंपडू नका!"

सॉफ्टवेअर उघडलं. 'लायसन्स सापडलं नाही.'

लायसन्स मशीनच्या कुठल्यातरी भागाच्या नंबराशी बांधलेलं असतं. पण कुठल्या? मदरबोर्डच्या असेल तर संपलंच. मग आठवलं, जुन्या मशीनला नेटवर्कचं कार्ड वेगळं बसवलेलं होतं आणि प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर असतो. ते कुंकवानं माखलेलं कार्ड काढलं, ब्रशनं झाडलं, हेअर ड्रायरनं वाळवलं, माझ्या मशीनमध्ये बसवलं.

सॉफ्टवेअर उघडलं.

प्रिंटर खडखडायला लागला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पहिलं पान सुनंदाताईंनी हातात घेतलं. बोटं फिरवली, थांबल्या, परत फिरवली. "तिन्ही कोपरे आहेत," त्या म्हणाल्या. मला रडू आलं. पेपर पाचला गेले.

जाधव अजून पूजा करतात, पण फक्त कीबोर्डची, तीही वायर काढून. त्या दिवशी मी त्यांना खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. घरी जाताना रिक्षात लक्षात आलं की त्यांनी पाणी एकदाच शिंपडलं होतं, नक्कल काढायचं मात्र मी अकरा वर्षं टाळत होते.