पडद्यावरची पाठ

वायोलेती सिनेमात पडायचं काम करते. नायिकेने मनोऱ्यावरून उडी घेतली, की ती उडी वायोलेतीची असते. नायिका तोवर सावलीत खुर्चीवर बसलेली असते. लोगन शहरातल्या, टोंगा बेटांवरून आलेल्या लोकांच्या वस्तीत या धंद्याला कुणी नाव दिलेलं नाही. आत्या विचारतात, "आज कुठून पडलीस?" आणि वायोलेती सांगते, छपरावरून, जिन्यावरून, चालत्या ट्रकवरून.

वडील गेल्यावर घर थोरल्या भावावर आलं. पेनिसिमानी, घरच्यांचा पेनी, कोंबड्यांच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो आणि चर्चमध्ये खर्जात गातो. बहिणीच्या कामाला तो कधी वाईट म्हणाला नाही. टोंगन घरात बहिणीचा मान भावाच्या वर. तिला टोकायचं नसतं. पण परक्या पुरुषांनी कमरेला दोर बांधायचा आणि वरून ढकलायचं, याला काम म्हणतात हे त्याला पटलेलं नव्हतं. तो आईशी बोलायचा, आई तिच्याशी.

त्यामुळे वायोलेतीला एकच गोष्ट हवी होती. पेनीने ती उडी बघावी.

उडी रोबोटांच्या सिनेमातली होती. पेटलेल्या मनोऱ्यावरून, पाठमोरी, अंगावर धातूचं चिलखत. पाचव्या खेपेला उडी मनासारखी झाली आणि खाली गादीच्या कडेला गुडघा फिरला. सगळा हिवाळा तिने कुबडीवर काढला. स्टंटचा मुख्य भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सिनेमा चालला तर दुसऱ्या भागात तूच." ते ऐकून पेनी उठून बाहेर लाकडं फोडायला गेला होता.

सिनेमा चालला नाही. वर्तमानपत्रांनी तो झोडपला; ज्यांनी झोडपला नाही त्यांनी दखलच घेतली नाही. पण चर्चच्या लोकांचं आधीच ठरलं होतं, आपल्या पोरीचं काम बघायला सगळ्यांनी जायचं. शनिवारी दुपारच्या खेळाला पेनी आणि पुरुषमंडळी, संध्याकाळच्या खेळाला वायोलेती आणि बायका. त्यांच्यात भाऊबहीण एका ठिकाणी बसून सिनेमा बघत नाहीत. घरातसुद्धा टीव्ही चालू असताना पेनी आत आला, की ती उठून स्वयंपाकघरात जाते. पडद्यावर कधी काय येईल याचा नेम नसतो.

गुरुवारी थिएटरवाल्याने संध्याकाळचा खेळ काढून टाकला. बघायला कुणी येतच नव्हतं. उरला दुपारचा.

"मग मी येत नाही," वायोलेती आत्यांना म्हणाली. दोघी चर्चच्या स्वयंपाकघरात अळूच्या पानांत खारवलेलं मांस गुंडाळत होत्या.

"उडी तुझी आणि तूच नाहीस? लोक काय बघणार, खुर्च्या?"

"पेनी असेल ना, आत्या."

"असू दे. तो पुढच्या रांगेत, तू मागच्या. आकाशातला सिनेमा आहे. लोखंडाची माणसं. त्यांना कसली आलीय लाज?"

बापाच्या बहिणीचा शब्द घरात शेवटचा.

शनिवारी आत्या कमरेला मानाची चटई बांधून आल्या, लग्नाला येतात तशा. पेनी पहिल्या रांगेत, मधे आई, मावशा आणि बाकीचे, शेवटच्या रांगेत वायोलेती, आत्या आणि चर्चच्या पाळकबाई. सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात कुणाचं त्यात लक्ष उरलं नाही. रोबोट शहर पाडत होते, शहर संपत नव्हतं. नायक बोलायचा तेव्हा कोण मेलं हे सांगायचा, आणि ते आपण नुकतंच पाहिलेलं असायचं.

"हा कुणाच्या बाजूचा?" आत्यांनी विचारलं.

"मलाही कळलं नाही."

"तू होतीस ना तिथे?"

मग यानातली एक खोली आली. दिवे मंद झाले, नायकाने नायिकेला जवळ ओढलं. पहिल्या रांगेत पेनी उठला. त्यात काही नवल नव्हतं, त्याने उठायलाच हवं होतं. तो मान खाली घालून मधल्या वाटेने दाराकडे येऊ लागला. पडद्यावर उघडी पाठ आली, तिच्यावर पुरुषाचा हात.

वायोलेतीने पाठ ओळखली. यानातल्या दवाखान्याचा प्रसंग आहे, भाजलेली पाठ फक्त दाखवायची, असं तिला सांगितलं होतं; पुढून ती पूर्ण झाकलेली होती, खोलीत बायकाच होत्या. तेव्हा रंगवलेल्या भाजल्याच्या खुणा आता पडद्यावर नव्हत्या. हात कुणाचा, तो कॅमेऱ्यात कधी टिपला, तिला माहीत नव्हतं. उजव्या खांद्याखालचा व्रण मात्र तिचा होता. लहानपणी चर्चच्या कुंपणावर पडली होती, तेव्हाचा.

"अगं," आत्या म्हणाल्या, आणि आत्यांना हळू बोलता येत नाही, "ही पाठ तर आपल्या वायोलेतीसारखी आहे."

पेनी तेव्हा शेवटच्या रांगेच्या जवळ पोचला होता. तो थांबला नाही. दार उघडलं, उजेड आत आला, दार लागलं.

पुढे मनोरा पेटला. उडी आली. लोकांनी पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शीळ घातली. उडी चांगली होती. वायोलेती दाराकडे बघत होती.

बाहेर पेनी व्हॅनच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. आई आणि मावशा आत चढल्या. वायोलेती दूर उभी राहिली. आत्या त्याच्या खिडकीशी गेल्या, बोलल्या आणि परत आल्या.

"विचारतोय, ती तूच होतीस का."

नाही म्हणायला काहीच लागलं नसतं. दिसायला सारख्या बायका सिनेमात हव्या तेवढ्या मिळतात. पण मग उडीही तिची म्हणता आली नसती.

"सांगा, मीच होते. मला दवाखाना सांगितला होता. आणि त्याच्यानंतरची उडीही माझीच, तेही सांगा."

आत्या गेल्या. या वेळी लवकर परतल्या.

"बरं, म्हणाला."

"अजून?"

"आजपासून तो इप्सविचला काकांकडे राहणार. बहिणीला घर सोडायला सांगत नाहीत. भाऊच जातो."

"उडीचं सांगितलंत?"

आत्या चटईची गाठ सैल करत होत्या. "पाठीचं सांगितल्यावर एवढंच बोलून त्याने काच वर केली. आणि उडीचं काय सांगू? माझा डोळा लागला होता, टाळ्यांनी जाग आली."

वायोलेती पाळकांच्या गाडीतून घरी निघाली. पाळकबाई मागे वळून म्हणाल्या, "केवढ्या उंचावरून गं ती. मी तर डोळे मिटले. आता दुसऱ्या भागात काय करणार?"

"दुसरा भाग निघणार नाही."

"का बरं?"

"हा चालला नाही ना."

सिग्नलला पुढे पेनीची व्हॅन उभी होती. मागच्या काचेतून मावशांची डोकी दिसत होती, सगळ्या पुढे बघत बसलेल्या. हिरवा लागला तशी व्हॅन सरळ गेली, आईला घरी सोडायला. पाळक त्याच रस्त्याने निघाले होते.

"डावीकडून, लांबून घ्या," वायोलेती म्हणाली. "त्याचे कपडे भरून होऊ देत."