वस्तरा थांबला ती ओळ

दर रविवारी गावचा न्हावी भिसेगावातल्या आमच्या ओट्यावर माझी हजामत करायला येई. धोकटी उघडून वस्तरा आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून पाही आणि मग दोन बोटांनी माझी हनुवटी वर करी. मी शाळेत अलंकार शिकवणारा मास्तर आणि वर कवी. माझ्या कविता ऐकणारं गावात दुसरं माणूस उरलं नव्हतं. उपमा आली की तो म्हणे, "बराबर हाय." उत्प्रेक्षा आली की म्हणे, "गाल फुगवा, मास्तर." वस्तरा मात्र सारखा चालू.

आई गेली. सुतक फिटल्यावरच्या रविवारी मी त्याला माझं विलापकाव्य ऐकवलं. त्यात माझ्या आसवांनी उल्हास नदीला पूर आला होता. तो पूर ओसरेपर्यंत त्याने माझा डावा गाल उरकला.

मग मी सहज बोलून गेलो, "आता शाळेतून घरी आलो, की जेवलास का म्हणून कोणी विचारत नाही."

वस्तरा थांबला.

"मास्तर, ह्ये लिवलंत का तुमी?"

"छे! यात अलंकार कुठे आहे?"

पण आठवडाभर ते डोक्यातून जाईना. शेवटी मी ती ओळ घेतली, तिला यमक जुळवलं, आईला कल्पवृक्षाची उपमा दिली आणि पुढच्या रविवारी मोठ्या उमेदीने त्याला म्हणून दाखवली.

वस्तरा एकदाही थांबला नाही.

"बराबर हाय," तो म्हणाला. "गाल फुगवा, मास्तर."