‘हिची गाणी’ आणि सरांचा पासवर्ड

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण आजवर वाचले ते करमणूक म्हणूनच. भास, संकेत, गेलेल्या माणसाने काही कळवणं... यातलं काहीही मला कधी पटलेलं नाही. मी नांदेडच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. मशीन अडलं तर त्याला कारण असतंच. सापडत नसेल तर आपण नीट पाहिलेलं नाही – हे मी मुलांना दहा वर्षं सांगत आलोय. त्यामुळे हे लिहायला घेताना जरा लाज वाटतेय. पण जे झालं ते माझ्याच हातून झालं, म्हणून मीच सांगायला हवं.

माझं गाव किनवट तालुक्यात, जंगलाच्या कडेला. आईवडील दोघंही मजुरी करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालं नव्हतं. मी पाचवीपासून किनवटच्या वसतिगृहात राहिलो आणि तिथले अधीक्षक म्हणजे आमचे सर. आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे, हे सरळच सांगतो. त्यांच्याकडे एक जुना मराठी टाइपरायटर होता. संध्याकाळच्या जेवणाआधी ते आम्हा चार-पाच पोरांना त्याच्यावर बसवायचे. बटणांकडे बघायचं नाही, बोटांना शब्द पाठ झाला पाहिजे, आणि प्रत्येक शब्द दोनदा मारायचा. “एकदा मारला तो कागदाचा,” ते म्हणायचे, “दुसऱ्यांदा मारला तो तुझा.”

निवृत्त झाल्यावर सर त्यांच्या गावी, अहमदपूरला गेले. मार्केट यार्डाच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. तिथे त्यांनी एक काम काढलं. आमच्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांना गाणी इतकी यायची की विचारू नका. पाळण्याची, लग्नातली, दळणाची, काही स्वतः जुळवलेली. वसतिगृहात नवीन आलेलं पोर रडायला लागलं की त्याला काकूंकडे पाठवायचे. त्या गात गात भाकरी थापायच्या आणि पोर तिथेच झोपायचं. मीही झोपलोय. ही सगळी गाणी सर टाइप करत होते. त्यासाठी त्यांनी लॅपटॉप घेतला आणि तो मीच लावून दिला.

इथे माझी चूक सांगतो. लॅबमध्ये आम्ही ज्या पद्धतीने मशीन बंदिस्त करतो तसंच मी सरांचंही केलं. सगळी डिस्क कुलूपबंद. दहा वेळा पासवर्ड चुकला की मशीन थेट अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागणार. ती नसेल तर आतलं कायमचं गेलं. किल्लीचा कागद छापून सरांना दिला आणि वर शहाणपणा केला – “सर, दर वर्षी पासवर्ड बदला आणि कुणालाही सांगू नका. मलासुद्धा.” आयुष्यभर मी त्यांचं ऐकलं. त्यांनी माझं ऐकलं ते एवढंच, पण पुरतं ऐकलं.

सर गेले तेव्हा माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. हृदयविकार, अर्ध्या तासाचा खेळ. लॅपटॉप कपाटात गेला आणि दोन वर्षं तिथेच राहिला.

यंदा फेब्रुवारीत सरांच्या मुलीचा, सुनीताताईंचा फोन आला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि आता काकूंजवळच राहतात.

“आईचं विसरणं लई वाढलंय रे,” त्या म्हणाल्या. “चहा घेतलेला विसरते, ते ठीक. पण गाणी विसरायला लागली. चाल येते, शब्द येत न्हाईत. मग चिडते, रडते. डॉक्टर म्हणाले तिला गाऊ द्या, जमेल तेवढं गाऊ द्या. अन् शब्द सगळे बाबांच्या त्या डब्यात.”

“पेन ड्राइव्ह? छापलेलं काही?”

“काही न्हाई. पूर्ण झाल्याशिवाय छापायचं न्हाई म्हणायचे. तू दिलेला आकड्यांचा कागद रद्दीत गेला असंल बघ. मी सहा वेळा पासवर्ड टाकला. आता म्हणतंय...”

“ताई, हात लावू नका. मी येतो.”

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने मी अहमदपूरला उतरलो. अकराचा सुमार, चांगलं ऊन. पुढच्या खोलीत खिडकीखाली सरांचं टेबल, त्यावर लॅपटॉप. काकू पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण नाव दुसऱ्याच मुलाचं घेतलं.

“काय करून राहिलास रे इतके दिवस? वाळला की!”

“नोकरी, काकू.”

“जेवत जा. नोकरी काय पळून जाती?” मग गुणगुणायला लागल्या – “आली गं आली गाडी, बैल देवणी जोडीचे... सांगती माझी आई, पाय...” आणि थांबल्या. “पाय... पाय काय गं सुनीता?”

ताईंना येत नव्हतं. काकूंनी तळहात मांडीवर दोनदा आपटला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला ते बघवलं नाही.

मी माझा लॅपटॉप काढून सरांच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. माझ्या मशीनवर काही माहिती शोधायची होती. सरांच्या मशीनवर पासवर्डखाली सरांनी स्वतः लिहिलेली खूण दिसत होती. चार चुका उरल्या होत्या, आणि खूण अशी होती – ‘लेकराचं नाव’.

“म्हणून मी माझं नाव टाकलं,” ताई म्हणाल्या. “इंग्रजीत, सगळ्या स्पेलिंगनी. मग माझ्या दोन्ही पोरांची.”

तेवढ्यात मला सुचलं. सर इंग्रजी स्पेलिंग कशाला करतील? त्यांची बोटं टाइपरायटरची. लॉक स्क्रीनवर कीबोर्ड इंग्रजीच असतो, पण बोटं मराठीच चालणार. ‘क’ लिहायचा तर बोट इंग्रजी ‘डी’वर जातं – तसं मराठी नाव मारलं की इंग्रजीत काहीतरी अगम्य उमटतं. त्याला अर्थ नाही, पण बोटांना आहे. हे मला माहीत असायचं कारण म्हणजे माझा स्वतःचा पासवर्डही मी असाच ठेवतो.

मला वाटलं, जिंकलं! ‘सुनीता’ टाइपरायटरच्या बोटांनी, सरांच्या सवयीप्रमाणे दोनदा मारलं. चूक. धाकट्या नातवाचं मारलं. चूक.

आता दोन उरल्या. मग मी एक गोष्ट केली, तीही सांगतो. सर आम्हा सगळ्या पोरांना ‘लेकरू’च म्हणायचे. ताईंकडे न बघता मी माझं नाव मारलं. चूक. स्वतःचीच इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

एक उरली.

“राहू दे,” ताई हळूच म्हणाल्या. “एक शिल्लक ठेव. कधी काही आठवलं तर...” त्या चहा ठेवायला आत गेल्या.

म्हटलं, एका सहकाऱ्याला मेल करून विचारावं. तोवर माझा लॅपटॉप आपोआप लॉक झाला होता. मी काकूंकडे बघत होतो, त्या पुन्हा ‘पाय... पाय...’ करत होत्या... आणि सवयीने पासवर्ड मारून एंटर दाबलं.

समोर माझा लॅपटॉप लॉकच होता.

माझे हात सरांच्या कीबोर्डवर होते.

दहावी चूक. काकूंची गाणी मी माझ्या हाताने पुरली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा स्क्रीनवर ‘स्वागत आहे’ असं होतं आणि खाली गोल फिरत होतं. मग निळा डेस्कटॉप. मधोमध एकच फाइल – ‘हिची गाणी’. काकूंचं नाव सरांनी कधी तोंडाने घेतलं नाही, इथेही लिहिलेलं नव्हतं.

मी ओरडलोच. ताई पळत आल्या. फाइल उघडली, दोनशे अकरा पानं. ताईंनी शोधून ती ओळ काढली आणि वाचली – “सांगती माझी आई, पाय धुवा धाकटीचे.”

“...धाकटीचे!” काकू भिंतीकडून वळल्या. “धूळ लागली वाटंची, डोळं भरलं थोरलीचे!” पुढच्या ओळी ताई वाचायच्या आत काकूच म्हणत होत्या. दोन्ही हात हवेत. ताई हसतायत, रडतायत. चहा उतू गेला तिकडे.

आणि मी खुर्चीत गार पडलो होतो. कारण मी काय मारलं होतं ते आता माझ्या लक्षात आलं.

माझा पासवर्ड म्हणजे माझ्या मुलीचं नाव. दोनदा, मधे एक स्पेस. शब्द दोनदा मारायची सवय सरांचीच, तेव्हा त्यांनीही तसंच केलं असेल, हे समजू शकतं. पण नाव?

माझी मुलगी आता दहा महिन्यांची आहे. सर गेल्यानंतर जवळपास सव्वा वर्षाने ती झाली. आम्ही घरात ‘सुजाता’ नाव ठरवलं होतं. नामकरणाला बुद्धवंदना झाली, आणि माझी थोरली बहीण – अक्का – आत्या म्हणून पाळण्यावर वाकली. तिने बाळाच्या कानात सांगितलं ते भलतंच – ‘खेमा’. सगळे हसले. बायको जरा रुसलीही. अक्काला विचारलं तर म्हणाली, “तोंडात आलं ते बोलले, मला काय ठावं!” आमच्या दोन्ही घराण्यांत, ओळखीत, गावात हे नाव कुणाचं नाही. नामकरणाच्या त्या दुपारपर्यंत ते नाव आमच्यापुरतं जगात नव्हतंच.

मी तंत्राचा माणूस, म्हणून आधी तंत्राने शोधलं. पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते दाखवणारी एक कमांड असते. ती चालवली. सर जायच्या पाच महिने आधी. मशीनचं घड्याळ चुकलं असेल म्हणून फाइलींच्या तारखा पाहिल्या. शेवटची दुरुस्ती सर जायच्या तीन दिवस आधीची, अगदी बरोबर. मधल्या काळात कुणी आत शिरल्याची एकही नोंद नाही, ताईंच्या आणि माझ्या चुका तेवढ्या दिसत होत्या. दुसऱ्या कशानेही उघडतंय का म्हणून मशीन बंद करून लावलं. फक्त त्यानेच उघडलं. तीन वेळा.

“ताई, खेमा नावाचं कुणी... सरांच्या ओळखीत? वसतिगृहात?”

“न्हाई रे. का?”

मी सांगितलं. ताई किती तरी वेळ खूणच बघत होत्या – ‘लेकराचं नाव’. मग म्हणाल्या, “मला वाटत होतं लेकरू म्हणजे मीच असणार.” मी मान खाली घातली. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. “वाईट न्हाई वाटत. उघडलं, बास.”

नंतर मी जुन्या पोरांना फोन केले, सरांच्या पुतण्याला विचारलं. खेमा नावाचं कुणी कुणाला आठवत नाही. हे नाव जुन्या बौद्ध कथांमध्ये येतं, सरांनी वाचलं असेल, असं एक मित्र म्हणाला. असेल. पण मग ते अक्काच्या तोंडी का यावं? तिला वाचता येत नाही आणि तिने सरांना कधी पाहिलंही नाही. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे नाव मी ठेवलंच न्हाई की रे.”

निघताना ताई म्हणाल्या होत्या, “तो पासवर्ड काढूनच टाक. नको पुन्हा ही झंझट.” दोन मिनिटांचं काम. मी सेटिंगच्या त्या पानापर्यंत गेलो, माऊसवर हात ठेवला... आणि माझ्याने होईना. गाण्यांच्या तीन प्रती काढून दिल्या, छापून आणायचं कबूल केलं, कुठलं बटण कशानंतर दाबायचं ते कागदावर लिहून दिलं, पण पासवर्ड ठेवला. का ठेवला, याचंही कारण मला देता येत नाही.

आता छापील वही त्यांच्या घरी आहे, तरी ताई रोज सकाळी शाळेआधी लॅपटॉपच उघडतात. बटणं दाबताना चुकू नये म्हणून नाव मोठ्याने म्हणतात. परवा फोनवर सांगत होत्या – काकूंना काही दिवस ताईंचं नावसुद्धा आठवत नाही, मला तर त्या आता ओळखणारही नाहीत. पण पलंगावर उठून बसल्या की, ताईंनी लॅपटॉप उघडायच्या आधीच, त्या “खेमा, खेमा” म्हणतात आणि गायला लागतात. त्यांना वाटतं, गाणं तिथूनच सुरू होतं.